आरोग्य शिकवण्याचा पेशा

१९८० साली बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने एक अजब पगारपद्धत सुरू केली. जुलाबाने मुले दगावत होती आणि सलाइन लावायला दवाखाने जवळ नव्हते. मग संस्थेने गावोगावच्या घरांत जाऊन आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवणाऱ्या बायका नेमल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, इतकीच ती कृती. शिकवणारी ओट्यावर बसायची, घरातलेच भांडे मागून घ्यायची, पाणी कुठवर भरायचे त्याची खूण करायची आणि आईकडूनच पाणी करवून घ्यायची. मात्र किती घरे फिरली यावर तिचा पगार ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसराच कोणी त्यांपैकी काही घरी जाई, आईला मुद्दे विचारी, पाणी करून दाखवायला सांगी आणि श्रेणी देई. आईला जेवढे आले, त्या हिशेबाने शिकवणारीच्या हातात पैसे पडत.

दहा वर्षांत हे काम एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांपर्यंत गेले. पण सुरुवातीच्या टप्प्यातच एक गंमत लक्षात आली. आयांना सगळे तोंडपाठ होते, पाणीही बिनचूक जमत होते, तरी मूल आजारी पडल्यावर ते पाजणाऱ्या थोड्याच निघाल्या. खोलात गेल्यावर कळले की शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर पुरता भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे ते नाराज. मग प्रशिक्षण बदलले, हे पाणी शरीरात नेमके काय करते ते कार्यकर्त्यांना नीट समजावले गेले, आणि पुरुषांसाठी बाजारात, मशिदींत वेगळ्या बैठका सुरू झाल्या.

सार्वजनिक आरोग्यात संवादक किंवा शिक्षक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी अभ्यासक्रमांची यादी शोधण्याआधी ही हकिकत वाचावी. सांगणे, समजणे, पटणे आणि करणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगार पहिल्या गोष्टीचा मिळत असला तरी काम चौथीचे असते. महाराष्ट्रात या पेशाकडे वळणारे बरेच जण पोस्टर, रील आणि भाषण एवढ्यावरच अडकतात. निवड समितीतले जाणते लोक मात्र नेमके पुढचे विचारतात: मग लोकांनी काय केले?

मराठी मुलखाला हा विषय नवा नाही, आणि त्यातल्या चुकाही नव्या नाहीत. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्ण शोधून वेगळे काढायचे ठरले. कल्पना तेव्हाच्या शास्त्राला धरून होती. पण सोल्जर घरात शिरले, देवघरे-माजघरे तपासू लागले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. आरोग्य संवादाच्या विद्यार्थ्याने त्याआधीचे महिने अभ्यासावेत. कायदा होता, मनुष्यबळ होते, पैसा होता. लोकांशी बोलणारे माणूस मात्र नव्हते.

उलट बाजूला र. धों. कर्वे. पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक लाजेकाजेचे प्रश्न पाठवत, कर्वे सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी निकाल विरोधात गेला. आज वर्तनबदलावर चकचकीत सादरीकरणे होतात, पण प्रश्नोत्तराचे सदर सव्वीस वर्षे चालवण्याची चिकाटी त्यात सहसा दिसत नाही.

आता नोकऱ्यांकडे येऊ. सरकारी आरोग्य खात्यात या कामाला सगळे ‘आयईसी’ म्हणतात. माहिती, शिक्षण आणि संवाद असा त्याचा विस्तार. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात जिल्हा विस्तार व माध्यम अधिकारी हे पद असते. राज्य पातळीवर पुण्यात राज्य आरोग्य शिक्षण व संपर्क विभाग आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आणि राज्य एड्स नियंत्रण संस्थेत कंत्राटी पदे निघतात: तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा सल्लागार आणि समाजसेवक, एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक. मोठ्या महापालिकांचे स्वतंत्र आरोग्य विभाग आहेत. स्वयंसेवी संस्था, कंपन्यांच्या सामाजिक निधीतले प्रकल्प, मोठ्या रुग्णालयांचे रुग्णशिक्षण विभाग आणि युनिसेफसारख्या संस्थांचे राज्य कार्यालय हा वेगळा पट्टा. तिथे पगार बरा, पण प्रकल्प संपला की कामही संपते.

या पदांच्या खाली, खरे तर त्यांच्या पायाशी, आशा स्वयंसेविका आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आले. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास. त्यांच्यावर गटप्रवर्तक. आरोग्य संवादाची खरी फौज हीच. नव्या पदवीधराने जिल्ह्याला रुजू झाल्यावर पहिला महिना कार्यालयात न काढता एखाद्या आशाताईंबरोबर फिरण्यात काढावा. बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी देताना सासूशी कुठल्या सुरात बोलायचे, वजनकाटा केव्हा पिशवीतून काढायचा, नवरा घरात असताना कुठला विषय टाळायचा, हे कुठल्याच पदवीच्या वर्गात शिकवत नाहीत.

पदवीचे मात्र महत्त्व आहे, आणि ती कोणती घ्यावी हे उमेदवार कुठून येतो यावर ठरते. नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस किंवा दंतवैद्यक झालेल्यांना रोग कळतो, पण समाज मोजायची सवय नसते. त्यांना एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, बाहेर तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र आणि गांधीनगर, हैदराबाद इथल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था ही नावे या क्षेत्रात चालतात. केवळ आरोग्यशिक्षण याच विषयाची पदविका हवी असेल, तर कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था (स्थापना १९३२) आणि तमिळनाडूतली गांधीग्राम संस्था यांचे अभ्यासक्रम पाहावेत. लोकसंख्या आणि सर्वेक्षणांत रस असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. प्रवेशपरीक्षा, जागा आणि शुल्क यांत दरवर्षी फेरफार होतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या त्या संस्थेची चालू वर्षाची माहितीपत्रिकाच वाचावी.

समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेल्यांची अडचण उलटी असते. त्यांना वस्ती कळते, आकडे नकोसे वाटतात. पत्रकारितेतून येणाऱ्यांना लिहिता येते, पण ‘धोका दुप्पट झाला’ म्हणजे दहा हजारांत एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस, हे विचारायचे राहून जाते. गृहविज्ञानाच्या विस्तारशिक्षण शाखेतल्या मुली या कामाला सगळ्यात तयार असतात आणि ही पदे आपल्यासाठी आहेत हेच त्यांना अनेकदा ठाऊक नसते. ज्याला जे येत नाही ते त्याने आधी भरून काढावे.

आकडे वाचता येणे म्हणजे काय, याचा एक नमुना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि आधीच्या फेरीपेक्षा तो आकडा वाढलेला होता. राज्य एक, यंत्रणा एक, आशाही त्याच. मग असे का? प्रसूती हा एका दिवसाचा प्रसंग आहे. गाडी येते, घर हलते, निर्णय एकदाच घ्यावा लागतो. लोहाची गोळी रोज घ्यायची असते, तिने मळमळते, शौचाला काळे होते, आणि घेतली नाही तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. शिवाय नुसत्या गोळीवर भागत नाही, ताटात काय येते तेही बघावे लागते. म्हणजे प्रसूतीला जो प्रचार चालला तो रक्तक्षयाला चालणार नाही. एवढा विचार जो उमेदवार मुलाखतीत मांडू शकतो, त्याला पोस्टरचे रंग कोणते हे कोणी विचारत नाही.

शिकवण्याच्या बाजूला वळले तर महाराष्ट्राइतके चांगले धडे फार थोड्या ठिकाणी सापडतील. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एक-दोन विषय शिकत, गावात जाऊन करून पाहत आणि पुढच्या खेपेला काय जमले, कुठे अडले ते सांगत. वर्गाचा पुढचा पाठ त्यातून ठरे. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण शिक्षकाने उचलावी अशी गोष्ट ती ये-जा आहे. आठवडाभराची सलग शिबिरे घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी तिचा हिशेब जरूर मांडून बघावा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणखी एक पेच सोडवला. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त श्वास झाले तर धोका. ज्या सुईणींना एवढी मोजदाद येत नाही त्यांनी काय करायचे? बंगांनी एक साधे यंत्र केले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ, शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळ आजारी. सुईणीला दहापर्यंत मोजता आले की पुरे. ‘त्या अडाणी आहेत, त्यांना जमणार नाही’ असा शेरा प्रशिक्षण अहवालांत आजही वाचायला मिळतो. तिथे अडलेली असते ती साधन बनवणाऱ्याची कल्पनाशक्ती. पुढे घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याच्या याच संस्थेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि ती पद्धत देशभरच्या आशांच्या कामात उतरली.

शिक्षक म्हणून पोट भरायचे तर वाटा चार. आरोग्य खात्याची पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रे आहेत. तिथे आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, समुदाय आरोग्य अधिकारी यांना शिकवावे लागते. नर्सिंग महाविद्यालयांत सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय असतो, त्यासाठी त्याच शाखेतले एमएस्सी नर्सिंग हवे. वैद्यकीय महाविद्यालयातला सामुदायिक वैद्यक विभाग, ज्याला विद्यार्थी अजून पीएसएमच म्हणतात, तिथे अध्यापनाची वाट मुख्यतः एमडी झालेल्यांची. डॉक्टर नसलेल्यांनी विद्यापीठांतल्या एमपीएच आणि समाजकार्य विभागांकडे बघावे. नेट परीक्षेत ‘सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य’ असा स्वतंत्र विषय आहे, आणि पीएचडी असल्यास बळ येते. दोन-चार वर्षे क्षेत्रात काम करून मग वर्गात उभा राहिलेला आणि थेट वर्गातून वर्गात गेलेला, यांतला फरक विद्यार्थी पहिल्या तासालाच ओळखतात.

अफवांशी गाठ पडणार, हे धरूनच चालावे. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी मुले नपुंसक होतात अशी भीती पसरली होती. २००२ साली देशात पोलिओचे सोळाशे रुग्ण होते. अमिताभ बच्चन दूरदर्शनवरून ‘दो बूंद जिंदगी की’ सांगत होते, त्याने मोहीम घरोघर माहीत झाली. पण बंद दारे उघडली ती त्याच मोहल्ल्यातल्या बायकांनी, तिथल्या इमामांनी आणि शिक्षकांनी. लोकांची तक्रार साधी होती: आमच्याकडे नाली नाही, डॉक्टर नाही, तापाला गोळी नाही, आणि तुम्ही दर महिन्याला हेच दोन थेंब घेऊन येता, यात काहीतरी काळेबेरे असणार. ही तक्रार ऐकल्यावर मोहिमेला स्वच्छता, जुलाबावरचे उपचार, स्तनपान यांची जोड दिली गेली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि मार्च २०१४मध्ये भारतासह सगळ्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. व्हॉट्सॲपवरच्या अफवेला तासाभरात खोडणारे चित्र बनवणे आज सोपे आहे. अफवेखाली कुठली खरी तक्रार दडली आहे ते शोधायला वस्तीत जावे लागते, आणि ते काम अजून कुठल्या ॲपने हाती घेतलेले नाही.

कसब कसे कमवायचे? पहिला नियम, छापण्याआधी दाखवा. हिवतापाच्या पोस्टरवरचा हातभर डास पाहून ‘आमच्याकडे एवढे मोठे नाहीत’ असे गावकरी म्हणाल्याचा किस्सा आरोग्यशिक्षणाच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो कुठे घडला कोण जाणे, पण तसले घोळ रोज होतात. घडीपत्रिकेचा कच्चा नमुना घेऊन आठवडी बाजारात, एसटी स्थानकावर आठ-दहा जणांना द्यावा आणि ‘आवडले का’ असे न विचारता ‘यात काय करायला सांगितले आहे’ एवढेच विचारावे. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलेले असते. घरात लिटर मोजायला काय आहे, हे विचारल्यावर कोणी तांब्या दाखवतो, कोणी कळशी. पाण्याची रिकामी लिटरची बाटली बरोबर नेली की तो प्रश्न तिथेच सुटतो.

कागदावरची मराठीही तपासावी. खात्याच्या पत्रकांतली भाषा वाचून लोकांना जुलाब झालेत की काही कायदेशीर नोटीस आलीय, हे कळत नाही. आणि मराठीच्या पलीकडेही जावे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी नि भिली बोलणारा उमेदवार संस्थांना दिवा घेऊन शोधूनही मिळत नाही. ज्यांच्या घरात या भाषा आहेत त्यांनी अर्जात ती ओळ शेवटी न टाकता सगळ्यात वर टाकावी.

अनुभवाची वही तयार ठेवणे हा दुसरा नियम, आणि त्याला नोकरीची वाट बघावी लागत नाही. एक विषय, एक वस्ती आणि लोकांनी करायची एकच कृती निवडावी. समजा, घरातली पाण्याची पिंपे आठवड्याला एकदा घासून कोरडी करणे. आधी तीस घरे मोजावीत, किती पिंपांत अळ्या आहेत ते लिहावे. काम करावे. दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. फरक पडला नसेल तरी नोंद ठेवावी आणि का पडला नाही ते लिहावे. अशी चार पाने असलेला उमेदवार ‘संवादकौशल्य उत्तम’ असे लिहिणाऱ्या शंभर जणांत उठून दिसतो. सोबत दोन मिनिटांचा एखादा ध्वनिसंदेश, एक छापील पत्रक आणि वर्तमानपत्रात आलेले एखादे टिपण असेल तर बरेच झाले.

काही पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळायची. रुग्णाचा फोटो लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, आणि ‘संमती दिली होती’ म्हणून पुन्हा पुन्हाही नाही. एचआयव्ही बाधित व्यक्तीची ओळख गुप्त ठेवणे हे २०१७च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. क्षयरोग्याच्या दारावर गाडी उभी करून मोठ्याने नाव पुकारणारा कर्मचारी त्या घराचा उपचार बंद पाडू शकतो. भीती दाखवून लोक हलतात, पण सहसा डॉक्टरकडे नव्हे, दाराआड.

जाहिराती जिल्हा परिषद, महापालिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळांवर येतात आणि बऱ्याचदा अर्जाची मुदत जेमतेम आठ-दहा दिवसांची असते, म्हणून गुणपत्रके, अनुभवाचे दाखले, संगणक प्रमाणपत्र आणि अधिवास दाखला स्कॅन करून एका जागी ठेवावा. कंत्राटी पद असेल तर नियुक्तिपत्र नीट वाचावे: मुदत साधारण अकरा महिन्यांची असते, मग पुनर्नियुक्ती कामाच्या मूल्यमापनावर. मानधन किती हे सगळेच विचारतात. प्रवासभत्ता मानधनातच धरला आहे की वेगळा, मुख्यालय कुठले आणि फिरती महिन्यातून किती दिवस, हे फार थोडे विचारतात. धडगाव किंवा भामरागडसारख्या तालुक्यात महिनाभर मोटारसायकल फिरवल्यावर पेट्रोलचाच खर्च मानधनाचा केवढा तरी घास घेतो, तेव्हा हे तीन प्रश्न रुजू होण्याआधी, शक्यतो लेखी, विचारून घ्यावेत.